आवळा-सोडाच्या बाई

निकम बाई 'लघवी' हा शब्द 'कोथिंबीर' म्हणावा तसा म्हणायच्या. आवाज खाली न आणता, इकडेतिकडे न बघता. एखाद्या लग्नात जेवायला शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर त्या सांगायच्या, "मी फिजिओथेरपिस्ट आहे. खोकताना-शिंकताना बायकांची लघवी सुटते ना, त्यावर व्यायाम शिकवते." आणि मठ्ठ्याची वाटी पुढे ओढायच्या. विचारणाऱ्या बाईंचा घास हातातच राहायचा. मात्र कुणाची सुटते, हे त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. बाजारात पेशंट समोर आली, तर तिनं ओळख दाखवेपर्यंत त्याही दाखवायच्या नाहीत.

नोएडात बाई राहायच्या त्या सेक्टरात आम्ही राहायला गेलो तेव्हा अर्धे प्लॉट रिकामे होते आणि उरलेल्यांवर वाळूचे ढीग होते. परदेशी कंपन्या नुकत्या येऊ लागल्या होत्या. माझा नवरा अविनाश पुण्याहून अशाच एका कंपनीत आला आणि वर्षभरात मलाही नेहरू प्लेसला एका नव्या कंपनीच्या खरेदी विभागात नोकरी लागली. गुळगुळीत फरशी, काचेची दारं, थंडगार हवा. आमच्या घरात तोवर कुणी असं ऑफिस आतून पाहिलेलं नव्हतं. सकाळी चार्टर्ड बसनं यमुना ओलांडायची, संध्याकाळी त्याच बसनं परत यायचं. रोजची तीच माणसं, तीच सीट. कुणाचा वाढदिवस असला की समोसे, मागे पुरुषांचे पत्ते, पुढे बायकांची अंताक्षरी.

मुलगी झाल्यावर माझी अंताक्षरी बंद झाली. मनवा चांगली गुबगुबीत होती, चिमटा लावून काढावी लागली. रजा संपवून मी कामावर गेले आणि एक दिवस बसमध्ये कुणाच्या तरी नकलेवर मोठ्यानं हसले, तर कपडे ओले. वाटलं, एखाद्या वेळी होतं. मग शिंकताना झालं. मग मनवाला कडेवर घेताना, मग बस सुटू नये म्हणून धावताना. मी फिकट रंगाचे सगळे कपडे कपाटात मागे टाकले. दिल्लीच्या मे महिन्यात सकाळपासून दुपारपर्यंत पाण्याचा घोट घ्यायची नाही. बसमध्ये ओढणीखाली प्लॅस्टिकची पिशवी पसरून त्यावर बसायची आणि अंगाला वास येतोय का, या विचारात पूर्ण रस्ता काढायची. एका डॉक्टरीणबाईंना भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, "बच्चे के बाद थोड़ा-बहुत होता ही है." होतं हे खरंच होतं. पण मग त्याचं करायचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

असं करत मनवा तीन वर्षांची होत आली. त्या संक्रांतीला सेक्टरातल्या एकीच्या गच्चीवर हळदीकुंकू होतं. जानेवारीचं ऊन, सतरंज्या, तिळगूळ, लुटायला प्लॅस्टिकचे डबे. यजमानीणबाईंनी निकम बाईंना तब्येतीबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं. आम्हाला वाटलं, कॅल्शियमबद्दल बोलतील. बाई उभ्या राहिल्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, सुती साडीवर नवऱ्याचा लष्करी हिरवा स्वेटर.

"इथे खोकताना, शिंकताना, हसताना कुणाची लघवी सुटते?"

खाली कुणीतरी गालिचा झटकत होतं, तेवढाच आवाज.

"अच्छा," बाई म्हणाल्या. "कुणाचीच नाही. छान आहे. तरी सांगून ठेवते. ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते. बाळंतपणात ती ताणली जाते, वय वाढलं की सैल पडते. मग पोटावर जोर आला की लघवी अडवून धरता येत नाही. गुडघ्याचा स्नायू व्यायामानं सुधारतो ना, तसा हाही बहुतेकींचा सुधारतो. लगेच ऑपरेशन करायला नको. आता मी खाली चपलांपाशी उभी राहते. माझे मिस्टर स्कूटर घेऊन यायचेत."

चपलांपाशी प्रत्येकीला यावंच लागणार होतं. त्या दिवशी आम्हाला चपला सापडायला फार वेळ लागला. मी जिन्यावरून उतरले तेव्हा दोघी जणी बाईंच्या अगदी जवळ वाकून चपलेचा पट्टा लावत होत्या, आणि त्यातल्या एकीच्या चपलेला पट्टाच नव्हता. त्या गेल्यावर मी म्हटलं, "माझी एक मैत्रीण आहे, तिला जरा विचारायचं होतं..."

"मैत्रिणीला शनिवारी सकाळी पाठवा," बाई म्हणाल्या. "आणि तिला सांगा, पाणी पिऊन ये. तहानलेली बाई मला तपासायला आवडत नाही."

बाईंचं क्लिनिक म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. एक उंच खाट, हिरवा पडदा, भिंतीवर कसलाही तक्ता नाही. त्यांचे मिस्टर सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, कोरेगावकडचे. उंच, झुपकेदार मिशांचे, मोजकं बोलणारे. क्लिनिकची वेळ झाली की ते घराबाहेर पडायचे आणि समोरच्या पार्कातल्या बाकावर जाऊन बसायचे. बायकांना अवघड वाटू नये म्हणून. धुक्यातही मफलर गुंडाळून बसलेले दिसायचे. ज्या बायकांची मुलं बरोबर असायची ती मुलं त्यांच्या ताब्यात. मनवाला त्यांनी सावधान-विश्राम शिकवलं. एकदा पाऊस होता म्हणून ती दोघं व्हरांड्यात बसली होती आणि खिडकीतून बाईंचा आवाज येत होता, "आवळा... धरून ठेवा... सोडा. आवळा... सोडा." घरी जाताना मनवा रुसून म्हणाली, "बाई तुला रोज आवळा सोडा देतात. मला एकदा पण नाही." तेव्हापासून आमच्या घरात त्या आवळा-सोडाच्या बाई झाल्या. मी हे त्यांना सांगितलं, तेव्हा त्या बराच वेळ हसल्या आणि पुढच्या शनिवारी मनवासाठी खरोखर लिंबू सोड्याची बाटली आणून ठेवली.

बाईंचं शिक्षण मिरजेला आणि मुंबईला झालं होतं. पहिली नोकरी पुण्यात. तिथे सुभेदार, तेव्हा साधे जवान, मोडका गुडघा घेऊन आले. "गुडघा वाकायला लागला आणि त्यांनी मागणी घातली," एवढंच त्या सांगत. लग्नानंतर वेगवेगळ्या छावण्यांत राहिल्या आणि शेवटी दिल्लीत एका सरकारी इस्पितळात हातपाय मोडलेल्यांवर बरीच वर्षं काम केलं. दुसऱ्या मुलाच्या वेळी त्यांनाही हाच त्रास सुरू झाला. "मी फिजिओ, लोकांच्या मांड्या-पोटऱ्या बळकट करते, आणि स्वतः परेडच्या दिवशी पांढरी साडी नेसू शकत नाही," असं त्या म्हणायच्या. मग त्यांनी जुनी पुस्तकं धुंडाळली, सुट्टी घेऊन मुंबईत एका डॉक्टरबाईंच्या हाताखाली शिकून आल्या, आधी स्वतःला बरं केलं आणि मग छावणीतल्या जवानांच्या बायकांना शिकवायला लागल्या. साताऱ्या-सांगलीकडच्या मुली, नवरे सीमेवर, घरात कुणी मोठं माणूस नाही. त्यांच्याशी बोलून बोलूनच बाईंची भाषा इतकी उघडी झाली असावी. आडवळणानं विचारलं तर त्या पोरींना कळायचंच नाही, असं त्या सांगत.

पहिल्या दिवशी बाईंनी मला बसवलं आणि तपासणी कशी करणार ते आधी पूर्ण सांगितलं. हातमोजा घालून, आतून, बोटानं, स्नायूला किती जोर आहे ते बघायचं. "नाही म्हणालात तरी चालेल. मग तोंडी शिकवीन, थोडा वेळ जास्त लागेल. आणि मध्येच नको वाटलं तर हात वर करा, मी थांबेन." आतापर्यंत मला कुठल्याच दवाखान्यात कुणी असं विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं.

"आता आवळा."

मी जीव खाऊन सगळं आवळलं.

"पोट सोडा," बाई म्हणाल्या. "मांड्या सोडा. श्वास घ्या, श्वास कोंडायचा नाही. आणि भुवया सोडा. भुवयांनी लघवी थांबत नाही."

मला हसू आलं आणि सगळंच सुटलं. बाईंनी शांतपणे खालचा टॉवेल बदलला. मग म्हणाल्या, "असं समजा, चार्टर्ड बसमध्ये बसलायत, पोटात गॅस झालाय आणि शेजारी तुमचे साहेब आहेत. काय कराल?"

मी ते केलं.

"बिल्कुल. तोच स्नायू. आता तो आत आणि वर ओढायचा, लिफ्ट वर जाते तसा. धरा. आणि आता पूर्ण सोडा. पूर्ण. आवळायला सगळ्या पटकन शिकतात, सोडायला वेळ लागतो. सोडला नाही तर तो थकतो, आणि थकलेला स्नायू ऐन वेळी दगा देतो."

घरी करायचा व्यायाम त्यांनी शिकवला: काही वेळा सावकाश धरून ठेवायचं, काही वेळा पटापट. आधी झोपून, मग बसून, मग उभ्यानं. लघवी करताना मध्येच थांबवून सराव करायचा नाही, त्यानं नुकसान होतं, हे दोनदा बजावलं. आणि खोकला, शिंक, वजन उचलणं, यांच्या आधी क्षणभर आवळून घ्यायचं. पाणी व्यवस्थित प्यायचं. "पाणी बंद केलं की लघवी कडक होते, जळजळते, आणि पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं. पाण्याचा काही दोष नाही." बद्धकोष्ठ असेल तर आधी त्याचा बंदोबस्त. दरवेळी त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत बसायच्या आणि भुवई जरा वर गेली की टोकायच्या.

महिना झाला तरी मला काहीच फरक दिसेना. त्याच सुमाराला ऑफिसात मला बढती देऊ केली. गाझियाबाद, फरिदाबादच्या कारखान्यांत जाऊन माल बघायचा, पुरवठादारांशी बोलायचं. म्हणजे दिवसभर जीपमधून खडबडीत रस्त्यांवर हिंडायचं, आणि त्या कारखान्यांत बायकांसाठी बाथरूम असेलच असं नाही. मी साहेबांना सांगितलं, मुलगी लहान आहे, जमणार नाही. ते म्हणाले, विचार करा. मी विचार केला तो असा की नोकरीच सोडावी. अविनाशलाही तेच कारण सांगितलं. तो म्हणाला, "तुला मनवाजवळ राहायचं असेल तर राहा, आपलं भागेल." त्याच्या चांगुलपणानं मला आणखीच रडू आलं.

शनिवारी बाईंना सांगितलं. त्या हात धुवत होत्या. हात पुसून खुर्ची ओढून समोर बसल्या.

"राजीनामा तुमचा, तुम्ही ठरवा. पण कारण खरं द्या. मुलीला मध्ये आणू नका. ती मोठी होईल आणि कुणीतरी तिला सांगेल, तुझ्यासाठी आईनं एवढी नोकरी सोडली. ती बिचारी ते ओझं वाहत बसेल, आणि ते तिचं नव्हतंच."

बाईंनी खुर्ची आणखी जवळ घेतली.

"नवऱ्याला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग सांगा. हा व्यायाम रोज करायचा आहे, काही महिने. घरात चोरून किती दिवस करणार? आणि महिन्याभरात स्नायू तयार होत नाही. तुम्ही जिमच्या पहिल्या महिन्यात पैलवान झालेला माणूस बघितलाय का? तीन महिने मन लावून करा. तरी फरक नाही पडला तर मी स्वतः सर्जनकडे घेऊन जाईन. तोवर राजीनामा लिहू नका."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अविनाश आठवड्याचे शर्ट इस्त्री करत होता. मी पलंगावर बसले आणि सांगितलं. शब्द बाईंचेच वापरले, माझ्याकडे दुसरे नव्हते. त्यानं इस्त्री उभी केली.

"कधीपासून?"

"मनवा झाल्यापासून."

"म्हणून बॅडमिंटन सोडलंस?"

"हो."

"मी तुला आळशी म्हणायचो," तो म्हणाला. मग बराच वेळ शर्टाची कॉलर नीट करत राहिला. शेवटी म्हणाला, "शनिवारी मनवाला मी बघतो. तू जाऊन ये." त्यापुढे त्यानं स्वतःहून हा विषय कधी काढला नाही, त्याला जमत नसे. पण घरातली पाण्याची एकही बादली तो मला उचलू देईना. बाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बादली नवऱ्यानं उचलली तर स्नायू नवऱ्याचे होतील. उचला तुम्ही. आधी आवळा, श्वास सोडत उचला." मी तसं करायला लागले. साहेबांकडून आणखी थोडी मुदत मागून घेतली.

फरक पडला तो कळला मात्र अचानक. एप्रिल संपत आला होता. संध्याकाळी बस पुलावर अडकली होती आणि धुळीची आंधी आली. खिडक्या लावेपर्यंत बसभर धूळ. नाकात हुळहुळलं, आणि मी सवयीनं आवळून घेतलं. शिंक आली. पाठोपाठ दुसरी, तिसरी. मी हलले नाही. जागच्या जागी वाट बघत राहिले. काही झालं नव्हतं. शेजारच्या बाईंनी रुमाल पुढे केला, त्यांना वाटलं, माझ्या डोळ्यांत धूळ गेली आहे. मी रुमाल घेतला आणि डोळे पुसले.

शनिवारी हे सगळं रंगवून सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. "अच्छा," म्हणाल्या. "म्हणजे आता बंद करायला नको, नाही तर पुन्हा सैल पडेल. चला, आज उभ्यानं करू." पुढच्या आठवड्यात मी साहेबांना होकार कळवला. जीपमधून खूप हिंडले. अगदी शंभर टक्के बरी झाले असं नाही. मोठा खोकला झाला की एखादा थेंब अजून सुटतो. पण मी खुर्चीवर पिशवी घालून पुन्हा कधी बसले नाही.

त्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई सांगलीहून आल्या. आम्ही त्यांना आई म्हणतो. त्या फार कमी पाणी पितात, स्वतःची साडी सगळ्यांच्या आधी उठून स्वतःच धुतात, आणि कुठे जायचं म्हटलं की त्यांचे पाय दुखतात, हे मी लग्नापासून बघत होते. आता ते मला वेगळं दिसलं. स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता मी विचारलं. त्यांनी एक शेंग पूर्ण सोलली, दाणे ताटात टाकले आणि म्हणाल्या, "पाचवं बाळंतपण झाल्यापासून अंगच बाहेर येतं. तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला होतं तसं वाटलं."

"तुलासुद्धा?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. माहेरची कुणीतरी भेटावी तसं बघितलं.

बाईंकडे यायला त्या तयार झाल्या, पण दारातच थांबून म्हणाल्या, "हे कुणाला सांगायचं नसतं ना?"

"कुणी सांगितलं तुम्हाला असं?" बाईंनी विचारलं.

आईंनी आठवून बघितलं. "कुणीच नाही. नसतंच सांगायचं."

तपासून झाल्यावर बाई खाटेवर त्यांच्या शेजारी बसल्या. "आई, व्यायामानं तुम्हाला थोडा आराम पडेल. पूर्ण नाही पडायचा. गर्भाशय बरंच खाली उतरलंय, ते माझ्या व्यायामानं वर जाणार नाही. तुम्हाला खोटी आशा लावत नाही. याला एक रबरी रिंग बसवतात, नाही तर ऑपरेशन. दोन्ही मी करत नाही, ज्या करतात त्यांच्याकडे घेऊन जाते." बाहेर आल्यावर मी म्हटलं, त्यांना एवढं स्पष्ट सांगायला नको होतं. बाई म्हणाल्या, "काही जणी माझ्या हातून बऱ्या होत नाहीत. त्यांना मी लवकर सांगते. उशिरा सांगितलं की त्यांना वाटतं, आपणच व्यायामात कमी पडलो."

त्या खरोखर आईंबरोबर गेल्या, डॉक्टरीणबाईंच्या दारात त्यांचा हात धरून बसल्या. रिंग बसली. आई व्यायामही नेमानं करू लागल्या. सांगलीला परतण्याआधी त्या आमच्याबरोबर हरिद्वारला आल्या. सकाळपासूनचा बसचा प्रवास. जाताना ढाब्यावर त्यांनी स्वतःहून चहा मागितला, आणि पुढच्या ढाब्यावर परत मागितला. अविनाश म्हणाला, "आईला इतका चहा आवडतो, हे मला ठाऊकच नव्हतं." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

वर्षं गेली. रिकाम्या प्लॉटांवर घरं उभी राहिली, दिल्लीला जायला नवा पूल झाला, चार्टर्ड बसमधल्या निम्म्या लोकांनी गाड्या घेतल्या. मनवा वरच्या वर्गांत गेली. बाईंकडे आता पंजाबी, बंगाली, मद्रासी, सगळ्या बायका यायच्या. हाताखाली आभा नावाची एक तरुण मुलगी शिकत होती. नंतर ती दक्षिण दिल्लीतल्या एका दवाखान्यात हेच काम करू लागली. आणि मग एक दिवस कळलं की बाईंना पोटाचा कॅन्सर आहे आणि तो खूप पसरलाय.

मी भेटायला गेले. त्या त्याच खोलीत, त्याच उंच खाटेवर पडल्या होत्या, कारण आतल्या पलंगावरून सुभेदारांना त्यांना उठवता येत नव्हतं. खूप वाळल्या होत्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "जेवण जात नाही, दुखतं, रात्री झोप लागत नाही. झालं. आता तुमचं सांगा." मी ऑफिसचं सांगितलं, मनवाचं सांगितलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. निघताना म्हणाल्या, "आभा चांगली आहे. तपासताना तिच्या हाताचा माझ्यापेक्षा कमी त्रास होतो. बायकांना तिच्याकडे पाठवा. माझ्यामागे या घरी फेऱ्या घालायला नकोत कुणी." मी हो म्हटलं. त्यांनी माझा हात दाबला. पकड अजून चांगली होती.

आठवडाभरात त्या गेल्या. सेक्टरातल्या समाजघरात शोकसभा झाली. एवढ्या बायका येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं, सतरंज्या कमी पडल्या, पुरुष बाहेर उभे राहिले. एकेक बाई उठून बोलत होती. एक म्हणाली, बाईंनी माझी कंबर बरी केली. दुसरी म्हणाली, माझी मान. एक सरदारीणबाई रडत म्हणाल्या, "मेरे घुटने ठीक कर दिए उन्होंने." त्यांचे गुडघे मला माहीत होते. बाईंच्या दाराच्या दोन पायऱ्या त्या शेवटपर्यंत कठड्याला धरूनच चढायच्या.

शेवटी सुभेदार उठले. कोट घातला होता, छातीवर पदकं नव्हती. हात मागे बांधून ते हिंदीत बोलले, कारण निम्म्या लोकांना मराठी कळत नव्हतं. "आप सबका शुक्रिया. मेरी बीवी कमर का इलाज नहीं करती थी. औरतों की पेशाब की तकलीफ़ का करती थी. उसे इस काम पर नाज़ था. मैं चाहता हूँ कि आज यही कहा जाए." एवढं बोलून ते खाली बसले. कुणी हसलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. थोड्या वेळानं सरदारीणबाई पुन्हा उठल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "भाईसाहब ठीक कह रहे हैं. मेरा भी वही था." मग आणखी एक उठली. मीही उठले.

त्यानंतर एका शनिवारी मी सुभेदारांकडे डबा घेऊन गेले होते. फोन वाजला. ते म्हणाले, "तुम्हीच घ्या ताई. दिवसातून दोन-चार वेळा वाजतो. मी उचलला की पुरुषाचा आवाज ऐकून त्या ठेवून देतात." मी उचलला. खरंच कुणीतरी बाई होती. तिला मी आभाचा पत्ता दिला, आणि जाताना पाणी पिऊन जा म्हणून सांगितलं. पुढे दर शनिवारी मी तिथे जाऊन बसू लागले.

सुभेदार शेवटी कोरेगावला जायला निघाले. मुलं परदेशात होती, पुतण्यानं गावी घर बांधून दिलं होतं. सामान ट्रकमध्ये चढत होतं तेव्हा ते मला म्हणाले, "फोन बंद करायला माझा जीव होत नाही." मी घरी येऊन अविनाशला सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी ऑफिसला न जाता टेलिफोन खात्यात रांगेत उभा राहिला, अर्ज भरले, आणि बाईंचा तो नंबर आमच्या घरी लावून घेतला.

तो फोन आता आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. मी घरात नसले की अविनाशच उचलतो. पहिल्यांदा त्यानं उचलला तेव्हा मी आंघोळीला गेले होते. दारातून त्याचा आवाज ऐकू आला, जरा घाईघाईचा, पण स्पष्ट.

"जी, सही नंबर है. पेशाब वाली तकलीफ़ के लिए ना? फ़ोन रखिएगा मत. मेरी पत्नी अभी आती है."

मी ओल्या केसांनीच बाहेर आले. तो रिसीव्हर हातात धरून उभा होता. पलीकडच्या बाईनं ठेवला नव्हता.